साखर 31, आजोबा ठणठणीत

सिन्नरच्या कलेक्शन सेंटरवरून आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये आलेल्या नमुन्यात रँडम शुगर (जेवणाची वेळ न पाहता तपासलेली साखर) 31 निघाली. एवढ्या कमी साखरेला माणूस घामाघूम होतो, बरळतो. सेंटरला फोन लावला, तर आजोबा बाकावर बसून रिपोर्ट कधी मिळेल म्हणून विचारत होते. बोटातलं रक्त ग्लुकोमीटरवर तपासायला सांगितलं, ते आलं 108. नुसता आकडा पाहून कुणी डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, चढवलं असतं तर!

मशीनचे कंट्रोल (ठरावीक उत्तराचे चाचणी-नमुने) बरोबर होते, बारकोडही जुळत होता. मग जांभळ्या झाकणाच्या ट्यूबचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाहिला: पांढऱ्या पेशी 2,84,000. एरवी 4,000 ते 11,000 असतात. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) मायलोसाइट या कच्च्या पेशीपासून पक्व न्यूट्रोफिलपर्यंत सगळ्या वयाच्या पेशींची जत्रा, वर बेसोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या. चित्र सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचं; खात्रीसाठी बीसीआर-एबीएल ही जनुकाची तपासणी सुचवली.

साखर ट्यूबमध्येच संपली होती. रक्त साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये, सीरम (पेशींवरचं पाणी) वेगळं न करता, भर दुपारी नाशिकला आलं. शरीराबाहेर आल्या म्हणून पेशी खायच्या थांबत नाहीत. नेहमीच्या रक्तातही खोलीच्या तापमानाला तासाला 5 ते 7 टक्के साखर घटते, उन्हाळ्यात जास्तच. इथे तर खाणारी तोंडं कितीतरी पट.

न्यूट्रोफिल ही जंतू गिळणारी पांढरी पेशी. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे भाग, मोजकेच. ऑक्सिजन असो-नसो, ही पेशी ग्लुकोज फोडून लॅक्टेट करते आणि त्यावरच भागवते. पू झालेल्या जागी ऑक्सिजन जेमतेम असतो, तिथे हेच कामी येतं. थोडं ग्लुकोज पेंटोज फॉस्फेटच्या वेगळ्या मार्गाने जाऊन एनएडीपीएच हा रेणू देतं. त्याच्या जोरावर जंतू मारणारे ऑक्सिजनचे घातक रेणू बनतात. या मार्गातलं जी6पीडी एन्झाइम जवळजवळ नसेलच, तर पेशी जंतू गिळते, पण मारताना कमी पडते.

राखाडी झाकणाची, फ्लोराइड घातलेली ट्यूब वापरली की प्रश्न मिटला, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. फ्लोराइड अडवतं एनोलेज हे एन्झाइम, आणि ती पायरी ग्लुकोज फोडण्याच्या साखळीत फार खाली आहे. वर पहिल्या पायरीचं एन्झाइम हेक्सोकायनेज चालूच राहतं, म्हणून पहिले एक-दोन तास साखर घटत राहते.

आजोबांना लॅबमध्येच बोलावलं. राखाडी ट्यूब 8-10 वेळा हलकेच उलटसुलट केली, लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि 10 मिनिटांत सेंट्रीफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढला: 104. त्याच वेळी घेतलेली लाल ट्यूब मुद्दाम टेबलावर राहू दिली. दोन तासांनी तिच्यात 57.

अशा रुग्णाच्या एबीजीलाही (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) हाच धोका. सिरिंजमधला ऑक्सिजन पेशीच वापरून टाकतात आणि पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) खोटा कमी येतो. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवायचा, सिरिंज बर्फात आणायची आणि आल्या आल्या मशीनवर घ्यायची. आजोबांच्या रिपोर्टवर शेरा लिहिला: साखर ग्लुकोमीटरवर किंवा बर्फातल्या नमुन्यावरच तपासावी.