वस्तुचित्राकडे परत: तबला, हात आणि आता तंबोरा

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र माझ्या खास आवडीचं. पुढे तबला हाच व्यवसाय झाला आणि रविवार शिकवण्या-कार्यक्रमांत जाऊ लागले. या वर्षी वही पुन्हा उघडली ती वस्तुचित्रापासूनच, आणि समोर मांडला स्वतःचा तबला.

लंबवर्तुळांचा सराव करायला यासारखी वस्तू नाही. काठाची चाट, तिच्या आतली लव आणि मधली काळी शाई ही एकात एक वर्तुळं. बसून पाहिलं की सगळी चपटी होतात, पण सगळीकडे सारखी नाही: दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रुंद, आपल्याकडची अरुंद, पलीकडची त्याहूनही अरुंद. हा फरक पेन्सिलीनं मापून घेतला आणि पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) कागदावर ताणलेली दिसू लागली. तबला चुंबळीवर कललेला असतो, म्हणून आधी खोडाचा, म्हणजे लाकडी भांड्याचा, तिरका मध्य आखते आणि लंबवर्तुळाचा लांब व्यास त्याला काटकोनात ठेवते. गजऱ्याची, म्हणजे पुडीच्या काठच्या चामडी विणीची, 16 घरं सगळ्यांत शेवटी. समोरची मोकळी, कडेला दाटत गेलेली. डग्ग्याची शाई मध्यावर नसते, तिचं केंद्र वेगळं धरावं लागतं.

शाईचा काळा रंग कोळशानं फार मंद येतो. तिला घोटल्याची चकाकी असते आणि ती 6बी पेन्सिलच देते. थरावर थर द्यायचे, उजेडाच्या जागी कागद कोरा सोडायचा.

सध्या हात काढतेय. विद्यार्थी ‘ना’ हा बोल घोटत बसला की वही घेते. तर्जनी चाटेवर, अनामिका शाईच्या काठाला टेकलेली, मधलं बोट अधांतरी. इतकी वर्षं वाजवतेय, पण मधल्या बोटाची ती उचल रेघेत पकडताना पहिल्यांदा नीट पाहिली. आता नवीन मुलांना तेच पान दाखवते आणि त्यांना तोंडी सांगण्यापेक्षा लवकर कळतं, याचा मला फार आनंद आहे. लय वाढली की बाह्यरेषेच्या मागे लागत नाही. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत एक रेघ, अंगठ्याची दिशा, बस्स.

वही ए5, 150 जीएसएमचा कार्ट्रिज कागद. तबल्याच्या पिशवीत मावते, त्यामुळे ग्रीनरूममध्येही हाताशी असते.

पुढे तंबोरा. भोपळ्याची गोलाई कुठल्याच बाजूनं पुरी गोल नसते आणि लांब दांडी पानात बसवताना प्रमाण सांभाळावं लागतं. मिरजेला जाणं होणार आहे, तेव्हा सतारमेकर गल्लीत कारागिरांची परवानगी घेऊन तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी फळी) बसण्याआधीचे उघडे भोपळे काढायचे ठरवलंय. आतली पोकळी आणि काठाची जाडी एकत्र दाखवायला पेन्सिल पुरेल की पेनाची रेघ लागेल? तुमच्यापैकी कुणी मडकी किंवा नारळाच्या करवंट्या आतून काढल्या असतील तर जरूर सांगा.