गुंड्याची गोळी

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला गुंड्या वजनकाट्यावर उभा राहिला, तेव्हा काट्याने ३८.९ किलो दाखवले. पहिल्या दिवशीचे वजन ३९ किलो होते. जमिनीलगतच्या त्या रुंद काट्यावर कुत्रे जरा हलले तरी आकडा मागेपुढे होतो, म्हणून मी त्याला उतरवून पुन्हा चढवले, चारही पाय पाट्यावर नीट टेकले आहेत ना हे वाकून पाहिले, आणि आकडा तोच आला. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते. दीड महिना त्यांनी किती मनापासून मेहनत घेतली होती हे मला ठाऊक होते, आणि तरीही चूक आपलीच असणार, असे ते धरून चालले आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

गुंड्या हा दहा वर्षांचा, नसबंदी झालेला लॅब्रेडॉर. काका त्याला प्रथम घेऊन आले ते वजनासाठी नव्हे, तर गुळगुळीत फरशीवरून उठताना त्याचे मागचे पाय घसरत असत आणि त्यांना त्याच्या पोटाखाली पंचा घालून त्याला उचलावे लागत असे म्हणून. क्ष-किरण तपासणीत दोन्ही खुब्यांत आणि उजव्या गुडघ्यात संधिवात दिसला. मी त्याच्या बरगड्या चाचपल्या, पण बोटे चांगली दाबल्याशिवाय एकही बरगडी हाताला लागेना. कुत्र्यांच्या मालकांना मी हे त्यांच्याच हातावर दाखवते. आपला पंजा पालथा धरून बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवावे, निरोगी कुत्र्याच्या बरगड्या तशा लागतात. तळहाताच्या मांसल बाजूवरून फिरवले असता जसे लागते, ते जादा वजनाचे लक्षण. काकांनी आधी आपल्या तळहातावरून बोट फिरवले, मग गुंड्याच्या कुशीवरून, आणि काही न बोलता मान हलवली.

शरीराचा बांधा मोजण्याची आमच्याकडे नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. तिच्यात चार-पाच म्हणजे योग्य, आणि पाचच्या वर प्रत्येक पायरीला साधारण दहा टक्के जादा वजन असा ढोबळ हिशोब असतो. गुंड्या आठवर होता, म्हणजे त्याचे योग्य वजन ३० किलोच्या आसपास असायला हवे होते. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला दिवसाला किती कॅलरी लागतात, हे काढण्यासाठी किलोमधील वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. ३० किलोसाठी हे उत्तर सुमारे ९०० येते. वजन उतरवायचे असेल तर हिशोब आजच्या वजनावर नव्हे, गाठायच्या वजनावर करावा लागतो. म्हणून मी गुंड्याला दिवसाला ९०० कॅलरी ठरवून दिल्या, त्यांतल्या जास्तीत जास्त ९० वरखाऊसाठी, आणि उरलेल्या सर्व वजन कमी करण्यासाठीच बनवलेल्या, प्रथिने व तंतू अधिक असलेल्या खाद्यातून. नेहमीचेच खाद्य निम्मे करून चालत नाही, कारण कॅलरींबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही निम्मी होतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याची चरबी उतरण्याआधी त्याचे स्नायूच झिजू लागतात. खाद्य मापाच्या पेल्याने न मोजता ग्रॅमच्या काट्यावर तोलायचे, हेही मी बजावले होते, कारण पेला तोच असला तरी भरणारा हात बदलला की माप बदलते.

काकांना त्या दिवशी फार अपराधी वाटत होते. “मीच याला लाडावून ठेवला,” असे ते दोनदा म्हणाले. तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी लॅब्रेडॉर पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगावी असे मला वाटते. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ अधिक असते. गुंड्याची आम्ही ती चाचणी केलेली नाही आणि उपचारासाठी तिची गरजही नव्हती. पण ताटाजवळ बसून एकटक पाहणारे कुत्रे ढोंगी किंवा हावरट असते असे नाही, त्याची भूक खरी असू शकते, हे कळले की माणूस त्याच्यावर चिडत नाही आणि स्वतःलाही दोष देत बसत नाही.

तर सहाव्या आठवड्यात आकडा जागचा हलला नव्हता. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचे वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरले तरी मी समाधानी असते. म्हणजे सहा आठवड्यांत किमान एक किलो तरी कमी व्हायला हवे होते. काकांनी पिशवीतून वही काढून माझ्यासमोर ठेवली. सुवाच्य अक्षरात रोजचा तक्ता होता: सकाळचे खाद्य ग्रॅममध्ये, संध्याकाळचे खाद्य ग्रॅममध्ये, गाजराचे तुकडे, काकडी, तीन वेळचे दहा-दहा मिनिटांचे फिरणे, आणि एका दिवशी नातवाने टाकलेले अर्धे बिस्किट, तेसुद्धा वेळेसह. मी पाच-सहा दिवसांची बेरीज करून पाहिली. एकाही दिवशी ती ९०० च्या वर जात नव्हती, आणि ज्या माणसाने अर्धे बिस्किट लिहून ठेवले, तो काही लपवत असेल असा संशय घेणे मला पटत नव्हते.

मग मी तेच केले जे असे कोडे पडले की आम्ही करतो: आजार शोधू लागले. गुंड्या सुस्त होता, त्याच्या शेपटीवरचे केस विरळ वाटत होते, आणि थायरॉईड ग्रंथी मंदावल्यास मोजून खाऊनही वजन उतरत नाही. मी मदतनिसाला रक्ताचा नमुना घेण्याची तयारी करायला सांगितली. मनात थोडी धाकधूकही होती. दुसरा एखादा आजार किंवा काही औषधे यांमुळेसुद्धा थायरॉईडचे प्रमाण रक्तात कमी दिसू शकते, आणि घाईत वाचलेल्या एका अहवालावरून कुत्र्याच्या माथी जन्मभराची गोळी मारली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तरीही दुसरा मार्ग सुचत नव्हता. मदतनिसाने गुंड्याच्या पुढच्या पायावरचे केस कापायला यंत्र हातात घेतले, इतक्यात काकांनी घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, “डॉक्टर, त्याच्या गोळीची वेळ झाली आहे. सुई टोचण्याआधी देऊ का?”

मी देण्यास सांगितले. त्यांनी पिशवीतून स्टीलचा एक छोटा डबा काढला. डब्याचे झाकण उघडण्याचा आवाज येताच मघापासून मान टाकून पडलेला गुंड्या पुढच्या पायांवर उठून बसला, त्याचे कान ताठ झाले आणि ओठाच्या कडेला लाळेची एक तार लोंबू लागली. डब्यात चीजचा चौकोनी तुकडा होता. त्याला मधोमध सुरीने चीर दिलेली, चिरेत सांधेदुखीची गोळी बसवलेली, आणि गोळी दिसू नये म्हणून वरून बोटाने दाबून ती चीर सफाईने बुजवलेली.

“थांबा काका,” मी म्हणाले. मांजरीची पिल्ले तोलण्याचा लहान काटा टेबलावरच होता. तुकडा त्यावर ठेवला, ३४ ग्रॅम भरला. “हे रोज दोन्ही वेळेला देता?”

“हो. तुम्हीच लिहून दिलंय ना, खाण्यासोबत द्या म्हणून? उपाशीपोटी दिली तर पोटाला त्रास होतो म्हणालात.”

“पण हे वहीत नाही.”

ते गोंधळले. “औषध म्हणजे खाणं थोडंच, डॉक्टर?”

त्या चीजच्या १०० ग्रॅममध्ये, वेष्टनावर छापल्याप्रमाणे, ३१० कॅलरी होत्या. एका तुकड्याच्या सुमारे १०५, दोन वेळेच्या मिळून २१०. म्हणजे गुंड्याच्या दिवसभराच्या वाट्याचा जवळजवळ पाव भाग गोळीच्या वेष्टनातूनच जात होता. वहीतल्या ९०० मध्ये हे मिळवले की १,११० होतात. ३९ किलोच्या शरीराला विश्रांतीत लागणाऱ्या कॅलरी त्याच सूत्राने काढल्या तर उत्तर १,०९० येते. आकडा का हलत नव्हता, ते त्या दोन बेरजांत सरळ दिसत होते. गुंड्याचे शरीर अगदी हिशोबाप्रमाणे वागत होते.

चूक माझी होती, आणि ती मी त्याच वेळी काकांना सांगितली. औषधाच्या चिठ्ठीवर “खाण्यासोबत द्यावी” हे मीच लिहिले होते, आणि आहाराच्या तक्त्यावर गोळीसाठी एकही रकाना ठेवला नव्हता. जेवणाच्या घासात गोळी घालावी, हे मला इतके उघड वाटत होते की ते सांगायची गरजच वाटली नाही. मी त्यांना “काय काय खाऊ घालता” असे दर वेळी विचारले, पण “गोळी कशी देता, ते दाखवा” असे एकदाही म्हटले नाही. माझ्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर तंतोतंत खरे होते.

रक्ताचा नमुना मी त्या दिवशी घेतला नाही. चार आठवडे वाट पाहायची आणि तरीही वजन हलले नाही तर तपासायचे, असे आम्ही ठरवले. त्याच पथ्याच्या खाद्याचा ओला प्रकार मिळतो. त्याचा एक चमचा तोलून बाजूला काढायचा, त्याची गोळी वळून तिच्यात औषध घालायचे, आणि हा चमचा दिवसाच्या ९०० मधूनच वजा करायचा. एकूण वाटा तेवढाच ठेवून त्याचे दोनाऐवजी चार भाग केले, कारण भुकेल्या जिवाला वाट पाहण्याचा काळ थोडका झाला की घरातल्या माणसांनाही जरा निभावून नेता येते.

चार आठवड्यांनी काटा ३७.८ वर आला. पुढचे दोन महिने तो हळूहळू उतरत राहिला. मध्ये एकदा तीन आठवडे थांबला, तेव्हा आम्ही घाबरलो नाही. वजन ३६.४ झाले त्या आठवड्यात काका आले ते बसण्याआधीच सांगू लागले, “काल रात्री मला फरशीवर नखांची टकटक ऐकू आली. म्हटलं, कोण चालतंय? दिवा लावून बघतो, तर हा एकटा उठून पाणी प्यायला गेलेला.” संधिवात असलेल्या जाड कुत्र्यांचे वजन सहा टक्क्यांच्या आसपास जरी उतरले, तरी लंगडणे कमी झालेले दिसते, हे मी अभ्यासात वाचले होते. गुंड्याचे तोवर सहा-साडेसहा टक्के उतरले होते. पण हा हिशोब मला नंतर सुचला. त्या क्षणी मला फक्त रात्रीच्या फरशीवरची ती टकटक डोळ्यांसमोर येत होती.

अकराव्या महिन्यात ३१.४ किलोवर मी थांबायचे ठरवले. कागदावरचे लक्ष्य ३० होते, परंतु बरगड्या आता पालथ्या पंजासारख्या लागत होत्या, आणि पाठीच्या कण्यालगतचे व मांड्यांचे स्नायू दर महिन्याला चाचपताना, या वयात आणखी दीड किलोच्या हट्टापायी ते पणाला लावू नयेत असे मला वाटले. मूत्रपिंड व यकृताची तपासणी पुन्हा केली, आणि वजनावर ठरणारी वेदनाशामक गोळी आता फक्त रात्रीची ठेवली.

काका खूश झाले, पण दाराशी जाऊन परत वळले. “डॉक्टर, सकाळची गोळी बंद झाली, ठीक आहे. पण त्या वेळेला हा डब्याजवळ येऊन बसणार. त्याला काय सांगू?”

मी त्यांची वही मागून घेतली. सकाळच्या रकान्यात, जिथे इतके महिने “गोळी, एक चमचा खाद्यात” असे लिहिलेले असे, तिथे लिहिले: गाजर, २० ग्रॅम, ८ कॅलरी, त्याच डब्यातून.