अण्णांचे पैसे चालत नाहीत

परदेशातल्या विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं की आमच्याकडे गावात फ्लेक्स लागतो. मधोमध मुलाचा किंवा मुलीचा फोटो, वर 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली शुभेच्छुक म्हणून निम्मी गल्ली. मी कोल्हापुरात राजारामपुरीत परदेशी शिक्षणाचं समुपदेशन करते. फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला की पुढच्या कामाचा मला साधारण अंदाज येतो. जितका फ्लेक्स मोठा, तितके पैसे जास्त जणांच्या नावावर वाटलेले, असा माझा अनुभव आहे.

ही २०२५ च्या जुलैतली गोष्ट. शिरोळ तालुक्यातली मुलगी, बी.फार्म. झालेली. ब्रिटनमध्ये शेफील्डला पब्लिक हेल्थच्या एका वर्षाच्या मास्टर्सला तिला प्रवेश मिळाला होता. फेब्रुवारीत आलेली ऑफर सशर्त होती. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर गुणपत्रक पाठवलं आणि अट उठली. इंग्रजीच्या परीक्षेचं बारावीच्या गुणांवर भागलं. पाच हजार पौंडांचं डिपॉझिट वडिलांनी भरून टाकलं होतं. घरच्यांच्या मते आता फक्त तिकीट काढायचं राहिलं होतं.

सोमवारी, ७ जुलैला चौघं ऑफिसात आली. मुलगी, आई, वडील आणि थोरले चुलते, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. आदल्या दिवशी आषाढी झालेली. अण्णा रात्रीतून पंढरपूरहून परतले होते आणि कपाळावरचा बुक्का अजून पुसला नव्हता. त्यांनी आधी माझ्या टेबलावर प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी ठेवली आणि मग फाइल. फाइल जाडजूड होती. सातबारा, आठ-अ, पतसंस्थेच्या ठेवपावत्या, जिल्हा बँकेचं पासबुक, एका राष्ट्रीयीकृत बँकेतली एफडी आणि सगळ्यात वर सीएचं सर्टिफिकेट, कुटुंबाची मालमत्ता एक कोटीच्या पुढं असल्याचं.

"बघा मॅडम, काय कमी असलं तर सांगा," अण्णा म्हणाले.

कमी काहीच नव्हतं. अडचण अशी होती की त्यातला एकही कागद मुलीच्या नावाचा नव्हता, आणि आईवडिलांच्या नावाचेही जवळजवळ नव्हतेच.

ऑफर हातात आल्यावर ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी विद्यापीठाकडून 'कॅस' मिळवावा लागतो. हा होम ऑफिसच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याच्या, यंत्रणेत तुमच्या नावानं निघालेला क्रमांक. तो नसेल तर अर्जच भरता येत नाही. बरीच विद्यापीठं कॅस देण्याआधी पैशांची कागदपत्रं स्वतः तपासतात, कारण पुढं व्हिसा नाकारला गेला तर त्याची नोंद त्यांच्याही खात्यावर होते. तपासतात काय, तर पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च. लंडनबाहेर तेव्हा तो महिन्याला १,१३६ पौंड धरत होते, म्हणजे १०,२२४ पौंड. मुलीची फी २१,५०० पौंड, त्यातून पाच हजार वजा. एकूण २६,७२४ पौंड. पौंड तेव्हा ११६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे ३१ लाख. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असली पाहिजे. एक दिवसही शिल्लक खाली गेली की मोजणी पुन्हा एकपासून. आणि खातं विद्यार्थ्याचं तरी हवं, नाहीतर आईवडिलांचं.

मी हे सांगत असताना अण्णा मान डोलवत होते. शेवटच्या वाक्याला डोलायची थांबली.

"म्हंजे चुलत्याचं चालत न्हाई?"

"नाही चालत, अण्णा."

"पोरीचं पैसं माझ्याकडं हाईत म्हंजे पोरीकडंच हाईत की! आमचं अजून एकत्र हाय. पंचेचाळीस एकर, एक चूल. व्यवहार पहिल्यापास्नं माझ्या नावावर. ह्यो," धाकट्या भावाकडं बोट करून, "ह्यानं आजवर चेकबुक बघितल्यालं न्हाई."

वडिलांनी मान खाली घातली. ते खरं होतं. त्यांच्या नावावर होतं ते पीककर्जाचं खातं, आणि त्यात बँकेचं देणं होतं, शिल्लक नव्हती.

मग आम्ही फाइल एकेक कागदानं हलकी केली. सातबारा बाजूला, कारण जमिनीची किंमत कितीही असो, होम ऑफिसला खात्यातली, लगेच काढता येणारी रोकड लागते. सीएचं सर्टिफिकेट त्याच कारणानं बाजूला. पतसंस्थेच्या पावत्या हातात घेतल्या तेव्हा मला स्वतःलाच कसंसं झालं. चौदा लाख होते त्यात. पण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही, आणि योग्य नियामकाखाली नसलेल्या संस्थेतला पैसा होम ऑफिस मोजत नाही. आमच्या भागात निम्म्या घरांची बचत पतसंस्थेत असते. दर थोडा जास्त, चेअरमन ओळखीचा, अडीनडीला रात्री दार वाजवता येतं. लंडनमध्ये बसून नियम लिहिणाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण त्यामुळे इकडे माणसं हबकतात ती हबकतातच.

शैक्षणिक कर्जाचा मार्ग मी सुचवला. मुलीच्या नावावर बँकेचं मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. पण साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूश असतात, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली त्यांना ती जप्त करता येत नाही. त्यात अण्णांनी "कर्ज काढून शिकवायची येळ आल्याली न्हाई आमच्यावर," असं म्हणून तो विषय मिटवून टाकला.

तोवर आई एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मग तिच्याच खात्यावर टाका की सगळं."

खोलीत कुणीच काही बोलेना. उपाय सरळ होता आणि तोच बरोबर होता. आईच्या खात्यावर ठेवायचं म्हटलं तर जन्मदाखला जोडावा लागतो, आणि मुलीच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव होतं, आधारवर सासरी ठेवलेलं. ती दुरुस्ती करत बसलो असतो तर सप्टेंबर उजाडला असता. मुलीच्या खात्यावर पैसे असले की नात्याचा पुरावाच लागत नाही. चुलत्यानं पुतणीला दिलेल्या रकमेवर आयकरही नाही, कारण आईवडिलांचे सख्खे भाऊबहीण आयकर कायद्यात नातेवाईकांतच धरले जातात. हे मी सांगितलं. पण गप्प बसण्याचं कारण आयकर नव्हतंच. अण्णांना दोन मुलगे आहेत. आजवर सगळ्यांचं म्हणून अण्णांच्या नावावर राहिलेला पैसा पहिल्यांदाच कुणा एकीच्या नावावर जाणार होता, आणि तीही पुतणी.

मुलगी म्हणाली, "अण्णा, नसलं जमत तर पुढच्या वर्षी जाईन."

"तू गप बस," म्हणत अण्णा उठले आणि फोन घेऊन जिन्यात गेले. काकूंशी बोलणं चाललं होतं. दाराच्या काचेतून त्यांचा एक हात तेवढा हलताना दिसत होता. बराच वेळ गेला. चहा आला, त्यांचा कप निवला. वडील मला हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्यात कधी हिशेब झाल्याला न्हाई ओ." माझ्या धंद्यात असे प्रसंग येतात आणि तेव्हा समुपदेशकानं तोंड उघडू नये असं माझं ठाम मत आहे. विद्यापीठाची मुदत, कॅसची तारीख, सगळं मला पुढं रेटायला सांगत होतं. मी मुलीच्या पासपोर्टची झेरॉक्स काढत बसले.

अण्णा आत आले आणि निवलेला चहा एका दमात प्यायले. "उद्या पोरीला घिऊन बँकेत जातो. पर पतसंस्थेचं एकदम सुटायचं न्हाई."

तसंच झालं. एफडी मोडून आणि जिल्हा बँकेतून काढून वीस लाख शुक्रवारी, ११ जुलैला मुलीच्या खात्यावर जमा झाले. पतसंस्थेनं मात्र "महिनाअखेर बघू" म्हटलं. महिनाअखेर पैसे आले असते आणि तिथून २८ दिवस मोजायचे म्हटलं तर ऑगस्ट संपलाच असता. विद्यापीठाची कॅससाठी कागदपत्रं देण्याची मुदत होती २२ ऑगस्ट.

याच दरम्यान अण्णांना एका ओळखीच्या माणसानं गाठलं. इचलकरंजीत कुणीतरी 'दाखवायला' पैसे देतो, महिनाभर खात्यावर ठेवायचे, टक्केवारी द्यायची, मग परत. अण्णांनी मला फोन करून विचारलं, ते विचारलं हेच पुष्कळ. मी सांगितलं, उसने आणलेले पैसे स्वतःचे म्हणून दाखवले आणि ती फसवणूक ठरली तर हा व्हिसा जातोच, वर दहा वर्षं ब्रिटनचं दार बंद होऊ शकतं. अण्णा म्हणाले, "म्हंजे आपलं खरं पैसं चालत न्हाईत आन् त्येचं खोटं चालत्यात म्हंता व्हय त्यो?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही.

मार्ग निघाला तो फीच्या बाजूनं. जी फी आधी भरून कॅसवर नोंदली जाते, तेवढी रक्कम खात्यात दाखवावी लागत नाही, आणि विद्यापीठाला भरलेल्या पैशाला २८ दिवस थांबायचं नसतं. पतसंस्थेचे चौदा लाख जुलै संपता संपता सुटले. ते मुलीच्या खात्यावरून लगेच १२ हजार पौंड म्हणून विद्यापीठाकडे गेले. दहा लाखांवरच्या रकमेवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर, कापला गेला, वीस हजारांच्या जवळपास. तो तिनं रिटर्न भरला की परत मिळतो. अण्णांना तो कापलेला पाहून जितका राग आला तितका एकतीस लाखांचा आला नव्हता. आता दाखवायचे राहिले १४,७२४ पौंड, म्हणजे सतरा लाखांच्या थोडे वर. खात्यात वीस होते. मधली तफावत मी मुद्दाम राखायला लावली, कारण होम ऑफिस अर्जाच्या दिवशीचा दर धरतं आणि पौंड दोन रुपयांनी चढला तर काठावरची शिल्लक कमी पडते.

ते २८ दिवस त्या घराला फार जड गेले असावेत. खताचं बिल आलं, ट्रॅक्टरचा हप्ता आला, एका पाहुण्यांकडे ऑपरेशन निघालं, आणि दर वेळी अण्णा फोन करून विचारत, "तीन लाख काढून चार दिवसांत परत टाकले तर?" मी दर वेळी नाही म्हणे. व्हिसासाठी लागणाऱ्या टीबीच्या तपासणीला मुलगी वडिलांबरोबर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन छातीचा एक्सरे काढून आली. त्याचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून ते मधल्या काळातच उरकलं. तिकिटाचे आणि तपासणीचे पैसेसुद्धा तिच्या खात्यावरून द्यायचे नाहीत, हे मी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद आईनं फ्रिजवर चिकटवला होता म्हणे.

७ ऑगस्टला २८ दिवस पुरे झाले. दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट काढलं. ते निघालं की ३१ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. पुढच्या आठवड्यात कॅस आला, त्यावर भरलेली फी १७ हजार पौंड अशी नोंदलेली होती. ती ओळ मी दोनदा तपासली. व्हिसाची फी ५२४ पौंड आणि आरोग्य अधिभार १,१६४ पौंड, हे भरताना घरात पुन्हा एकदा उसासे पडले. बोटांचे ठसे पुण्याला दिले.

व्हिसा मंजूर झाल्याचा मेल ऐन गणपतीत आला. मुलगी आणि अण्णा पेढे घेऊन आले. अण्णांनी पासपोर्ट उघडून सगळी पानं उलटून बघितली. "शिक्का कुठाय?" जुलैपासून विद्यार्थ्यांना स्टिकर मिळत नाही, सगळं ई-व्हिसावर, हे मी त्यांना मोबाइलवर मुलीचं खातं उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून ते वाचलं. विश्वास बसला असं वाटलं नाही. पासपोर्ट मात्र खिशात घातला तो मुलीकडे परत दिलाच नाही.

उठता उठता म्हणाले, "आमचा धाकटा डिप्लोमा करतोय. त्येच्या डोक्यात जर्मनी घेतलंय. तिथं कुणाकुणाचं चालतंय ते आत्ताच सांगा."

मी सांगितलं, तिथं आधी एपीएस या जर्मन दूतावासाच्या दिल्लीतल्या विभागाकडून कागदपत्रं तपासून प्रमाणपत्र घ्यायचं, आणि वर्षाचे ११,९०४ युरो मुलाच्या नावानं ब्लॉक्ड अकाउंटला भरायचे, ते तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ असे सुटतात.

"अठ्ठावीस दिवस?"

"नाहीत."

"मग आदी हेच का न्हाई सांगितलं पोरीला," म्हणाले, आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवून जर्मनीचं माहितीपत्रक मागून घेतलं.