तुम्ही विचारलंत म्हणून: लिफ्टवाला ड्रॉप टॉवरमध्ये का बसत नाही

"जन्म लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढलात आणि पाळण्याला घाबरता?" प्रत्येक लग्नात हा प्रश्न ठरलेला. घाबरत नाही हो. निदान पडायला तरी नाही.

अमेरिकेत लुईव्हिलच्या केंटकी किंगडम या करमणूक पार्कमध्ये 177 फुटी ड्रॉप टॉवर होता, म्हणजे माणसांना उंच नेऊन खाली सोडणारा पाळणा, 1995 सालचा. 21 जून 2007 ला गाडी वर चढताना वायर रोप, म्हणजे तारांचा दोर, तुटला आणि 13 वर्षांच्या एका मुलीच्या पायांभोवती आला. दोन्ही पावलं तुटली. उजवं डॉक्टरांनी जोडलं, डावा पाय गेला. तो टॉवर पुन्हा चालला नाही, पाडून टाकला. सगळे घाबरतात पडण्याला, आणि पडणं थांबवायला तिथे दोर लागतच नाही. धातूच्या पट्ट्यांशेजारून चुंबक गेले की वेग आपोआप मरतो, वीज नसली तरी. दोराचं काम फक्त वर नेणं. दगा तिथे झाला. लिफ्टचा दोर तुटला तर बाकीचे दोर असतात, सेफ्टी गिअर म्हणजे पेटीखालचा आपत्कालीन ब्रेक रेल आवळतो, आणि तुम्ही पेटीत असता. पाळण्यात पाय बाहेर लोंबतात.

आता वाशीचा मेळा. तिथेही असाच पाळणा होता. हो, केला तमाशा. भाची रांगेत पुढे, हातात तिकीट. माझं लक्ष विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर. दोर कोरडा, ग्रीसचा पत्ता नाही, पिळांच्या खाचांत लाल पूड, म्हणजे दोर आतून झिजतोय. अशी पूड दिसली की आम्ही दोराला चिंधी धरून लिफ्ट सावकाश चालवतो. तुटलेली तार चिंधीला अडकते. ऑपरेटरला म्हटलं, तेवढं करू दे. तो म्हणाला, "काका, तिकीट आहे का?" आवाज चढले. मागची रांग ओरडायला लागली. भाचीचा दंड धरून मी तिला बाहेर ओढलं. तिच्या मैत्रिणी वर गेल्या, खिदळत खाली आल्या. घणसोलीपर्यंत रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

बहीण अजून ऐकवते, त्या पाळण्याला पुढे काही झालं नाही. नाहीच झालं. आणि लाल पूड दिसली म्हणून मी तरी कुठे सोसायटीची लिफ्ट बंद करतो? तार तुटलेली नसेल तर "दोर बदलायचं कोटेशन पाठवतो" म्हणतो आणि त्याच लिफ्टने खाली येतो. मग त्या संध्याकाळी एवढा का पेटलो? 2007 ची बातमी डोक्यात होती म्हणून, की त्या पोरानं तिकीट विचारलं म्हणून? दोन्ही असेल.

भाची आता इंजिनिअरिंगला आहे. म्हणते, "मामा, मला एकदा विचारायचं तरी होतंस." विचारलं असतं तर ती बसली असती. म्हणूनच नाही विचारलं.