आमची वाटचाल : तयार उत्तरांकडून उपप्रश्नांकडे

आमच्या फर्मचं पहिलं काम बायोडेटा लिहून देण्याचं. माणूस यायचा, पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीची कागदपत्रं टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "यातून दोन पानं काढून द्या." आम्ही द्यायचो, आणि बऱ्यापैकी द्यायचो. मग तोच माणूस पुन्हा फोन करायचा : "मुलाखतीचा कॉल आलाय. आता आत जाऊन काय बोलू?" सराव मुलाखतींचं काम या फोनांमधून उभं राहिलं. आराखडा वगैरे नंतर आला.

आमच्याकडे येतात ते बहुतेक विभागप्रमुख, मॅनेजर, एखाद्या संस्थेचं संचालकपद खुणावतंय असे लोक. बोलता न येणारा यात क्वचितच. अडचण निराळी असते. ही मंडळी वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडे बसून दुसऱ्यांच्या मुलाखती घेत आलेली असतात, आणि प्रश्न विचारायची सवय जडली की उत्तर द्यायची मोडते. साधा प्रश्न टाकला तरी ते मीटिंग चालवल्यासारखे बोलायला लागतात : आधी पार्श्वभूमी, मग बाजाराची परिस्थिती, मग कंपनीचं धोरण. स्वतः काय ठरवलं, ते शेवटपर्यंत येतच नाही.

'स्टार' पद्धत आता सगळ्यांना ठाऊक आहे : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. डीडीआय या अमेरिकी कंपनीने १९७४ मध्ये आणलेला हा साचा अजून चालतो, आम्हीही वापरतो. पण मोठ्या पदासाठी तेवढ्यावर भागत नाही. पॅनेलला कृतीच्या मागचा निर्णय हवा असतो. दुसरा कुठला पर्याय समोर होता, तो का सोडला, विरोध कोणी केला आणि त्या माणसाचं पुढे काय झालं? हे सगळं उपप्रश्नांत येतं. पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरतं, तिसऱ्याला उघडं पडतं.

म्हणून तयार उत्तरांचा संच द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. गिऱ्हाइकं गेली. एकाने तर, "पैसे घेऊन नुसते प्रश्नच विचारता?" असं तोंडावर सुनावलं. हो, तेच विचारतो.

एक सराव सांगतो. ओळख पटेल असं सगळं वगळून. उपप्रमुख असलेल्या एक बाई स्वतःच्याच संस्थेत प्रमुखपदासाठी उभ्या होत्या. अंतर्गत उमेदवाराची मुलाखत सोपी असते असं लोकांना वाटतं. आमच्या मते ती सगळ्यांत अवघड. पॅनेल तुम्हाला ओळखतं, त्यामुळे अर्धं सांगायचं राहून जातं, आणि गुण तर सांगितल्याचेच मिळतात. आमच्या पॅनेलमधल्या सरांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याबरोबरच लागलेले एक सहकारी याच पदासाठी इच्छुक होते. उद्या ते तुमच्या हाताखाली असतील. पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी काय बोलाल?"

बाई बोलायला लागल्या. टीमवर्क झालं, परस्पर आदर झाला, खुला संवाद झाला. सर थांबले आणि म्हणाले, "ते समोर बसलेत असं समजा. पहिलं वाक्य काय?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग म्हणाल्या, "मी त्यांना सांगेन, तुम्हाला वाईट वाटलं असणार हे मला कळतं. खरेदीचं काम तुमच्याकडेच राहील, त्यात मी हात घालणार नाही. पण महिन्याचा अहवाल मात्र वेळेवर लागेल." आधीच्या लांबलचक भाषणापेक्षा या तीन वाक्यांत जास्त नेतृत्व होतं. रेकॉर्डिंग दाखवल्यावर ते त्यांनाच दिसलं, आम्हाला बोलावं लागलं नाही.

अभिप्रायाची आमची रीतही यातूनच बसली. आधी उमेदवाराने स्वतःबद्दल बोलायचं, मग रेकॉर्डिंग, मग आम्ही; आणि एका बैठकीत फार तर दोन दुरुस्त्या. दहा चुका एकदम दाखवल्या तर माणूस प्रत्यक्ष मुलाखतीत उत्तर सोडून स्वतःचे हातच सांभाळत बसतो.

दोन सरावांमध्ये काही दिवसांचं अंतर आम्ही आग्रहाने ठेवतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग थेट अंतराचा नव्हता, पण आठवून पाहण्याचा उपयोग दाखवतो : मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर मात्र, मजकूर न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. आदल्या रात्री टिपणं घोकणाऱ्याला ऐन वेळी आकडे का सुचत नाहीत, ते इथे कळतं. तरी परवा मुलाखत आहे म्हणून आज धावत येणारे असतातच. त्यांना आम्ही एकच सराव देतो आणि तो फक्त उपप्रश्नांचा.

सरावाची गुणपत्रिका मात्र पहिल्यापासून आहे. सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधीच ठरलेले निकष, अशा बांधीव मुलाखतीवरून माणसाच्या पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला येतो, असं संशोधन सांगतं. मानसशास्त्रज्ञ सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरआढाव्यात तर निवडीच्या पद्धतींमध्ये ती सगळ्यांत वर आहे. पलीकडे गुण मांडले जात असतील, तर सरावातही ते मांडलेले बरे.

धंद्याच्या दृष्टीने आम्हाला महागात पडलेला नियम वेगळाच आहे. एकाच पदासाठी दोन सहकारी आमच्याकडे आले, एकमेकांच्या नकळत. पहिल्याचं काम घेतलं होतं, दुसऱ्याला कारण न सांगता नाही म्हटलं. कारण सांगितलं असतं तर पहिल्याचं नावच फुटलं असतं. तेव्हापासून एका पदाला एकच उमेदवार. निवडीची हमीही देत नाही. आमचे हिशेबनीस यावर दर वर्षाअखेरी मान हलवतात.

सध्या आम्ही नवीन पॅनेल सदस्य शोधतोय. निवृत्त अधिकारी पुष्कळ येतात. बरेच जण उमेदवाराचं उत्तर अर्ध्यावर तोडून, "आमच्या वेळी..." म्हणत स्वतःचा अनुभव सुरू करतात. उत्तर संपल्यावर चार-पाच सेकंद गप्प राहून बघणारा माणूस हवाय. त्या शांततेत उमेदवार जे जोडतो, त्यावरच आमचा पुढचा प्रश्न असतो.