ट्रॅक्टरच्या वेगाचे विक्रम आणि उसाच्या दोन ट्रॉल्या

आमच्या पलूस तालुक्यातील काळ्या जमिनीत पल्टी नांगर ओढणारा ट्रॅक्टर ताशी चार-पाच किलोमीटरने चालतो आणि माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडला की त्याहूनही हळू. तोच ट्रॅक्टर गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागतो, तेव्हा त्याचा वेग वीस-पंचवीसच्या घरात जातो. असे असताना २०१९ साली इंग्लंडमधील एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर एका ट्रॅक्टरने ताशी २१७.५७ किलोमीटर असा सरासरी वेग नोंदवला, आणि त्यासाठी एका मोठ्या कंपनीने आपले अभियंते व पैसा खर्ची घातला. एवढा खटाटोप कशासाठी केला जातो, या प्रश्नावर विचार करता माझे मत असे बनले आहे की वेगाच्या विक्रमातून कंपनी सहसा ट्रॅक्टरच्या एखाद्या विशिष्ट भागाची खात्री पटवत असते, आणि तो भाग पुढे शेतकऱ्याच्या हाती आला तरच त्या विक्रमाला मोल येते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण नव्वद वर्षांपूर्वीचे आहे. त्या काळी अमेरिकेतील ट्रॅक्टरना दाते असलेली लोखंडी चाके असत. ती रस्ता उखडत, चालकाची हाडे खिळखिळी करत आणि इंधनही जास्त खात. १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोन या टायर कंपनीच्या साहाय्याने आपल्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला कमी दाबाचे हवेचे रबरी टायर बसवले. शेतकऱ्यांचा मात्र रबरावर विश्वास नव्हता. ते ओल्या जमिनीत घसरेल आणि खुंटांवर फुटेल, अशी त्यांची रास्त शंका होती. कंपनीने मग जत्रा-प्रदर्शनांच्या मैदानांवर ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या आणि त्या चालवण्यासाठी नामांकित मोटार-शर्यतपटू आणले. त्यांपैकी बार्नी ओल्डफील्ड याने १९३३ मध्ये ताशी ६४.२८ मैल, म्हणजे सुमारे १०३ किलोमीटर वेग गाठला. याच माणसाने १९०३ मध्ये मोटारगाडीने मिनिटाला एक मैल अंतर कापून नाव मिळवले होते, म्हणजे तीस वर्षांत मोटारीच्या त्या वेगाला ट्रॅक्टरने मागे टाकले. पुढे १९३५ मध्ये ॲब जेंकिन्सने युटाच्या मिठाच्या मैदानावर हा आकडा ताशी १०९ किलोमीटरपर्यंत नेला. ज्या टायरवर माणूस जिवाची बाजी लावून शंभरच्या वेगाने जातो, तो आपल्या नांगराखाली टिकेल, हे पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागले नाही. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या ट्रॅक्टरांपैकी बहुसंख्य रबरी टायरचे होते, आणि आज आपल्या गावातही लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर पाहायला मिळत नाही. विक्रमाने शेतीचे भले केले असे मी ज्या प्रसंगाविषयी निःशंकपणे म्हणू शकतो, तो हा.

वेग विकण्याचा प्रत्येक प्रयत्न असा फळला नाही. १९३८ मध्ये मिनियापोलिस-मोलीन कंपनीने बंद केबिनचा, ताशी ४० मैल धावणारा ‘यूडीएलएक्स’ ट्रॅक्टर आणला. दिवसभर शेतात राबावे आणि संध्याकाळी त्याच यंत्राने कुटुंबासह शहरात जावे, अशी त्यामागील कल्पना होती. किंमत परवडणारी नव्हती आणि सुमारे दीडशे ट्रॅक्टर बनवून ते प्रकरण संपले. फिनलंडमध्ये २०१५ साली रॅलीचा चार वेळचा जगज्जेता युहा कांकुनेन याने व्हाल्ट्रा टी२३४ हा ट्रॅक्टर बर्फाच्छादित रस्त्यावर ताशी १३०.१६५ किलोमीटर वेगाने चालवला. तेथेही खरे प्रात्यक्षिक नोकियन कंपनीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेल्या हिवाळी टायरचे होते.

एल्व्हिंग्टनचा विक्रम जेसीबीचा. खोदकामाच्या पिवळ्या यंत्रामुळे ही कंपनी आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. गाय मार्टिन या मोटारसायकल-शर्यतपटूने चालवलेल्या त्या ‘फास्ट्रॅक’ ट्रॅक्टरला ७.२ लिटरचे, १,०१६ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन होते, आणि वजन घटवून सुमारे पाच टनांवर आणले होते. एवढी ताकद का लागते, ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. हवेचा रोध तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी तीस किलोमीटरच्या तुलनेत २१७ किलोमीटरला ती साडेतीनशेपटीहून अधिक होते. ट्रॅक्टरची आकृती हवा कापण्यासाठी घडलेलीच नसते. उंच केबिन, उघडी चाके आणि सपाट तोंड यांमुळे हवा जागोजागी अडते, म्हणून जेसीबीने या कामात विल्यम्स या मोटार-शर्यतींतील अनुभवी अभियांत्रिकी कंपनीची मदत घेतली. टायरचा प्रश्न त्याहून बिकट होता. ट्रॅक्टरच्या टायरवर जी अक्षरे छापलेली असतात, त्यांत ‘ए८’ म्हणजे ताशी ४० किलोमीटर आणि ‘डी’ म्हणजे ६५ किलोमीटर ही मर्यादा असते. जाड नक्षीचे रबर त्यापलीकडे सतत दबून-फुगून तापत जाते.

या विक्रमात माझे लक्ष वेधून घेतले ते इंजिनाने. फास्ट्रॅकच्या ज्या मोठ्या मालिकेवर हा ट्रॅक्टर बेतला होता, तिच्या विक्रीच्या ट्रॅक्टरांना दुसऱ्या कंपनीचे इंजिन असते. विक्रम मात्र जेसीबीने स्वतःच्या ‘डीझेलमॅक्स’ इंजिनावर केला. २००६ मध्ये याच कंपनीने आपल्या दोन इंजिनांवर चालणारी गाडी युटातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ५६३ किलोमीटरने पळवून डिझेल वाहनांचा जागतिक विक्रम केला होता, आणि तेव्हा तिचा स्वतःची इंजिने बनवण्याचा व्यवसाय नुकताच उभा राहिला होता. खोदयंत्र घेणाऱ्या गिऱ्हाइकाला इंजिनाविषयी वाटणारी शंका दूर करण्याचा हा मार्ग होता, असे मला वाटते.

फास्ट्रॅकचे खरे महत्त्व या विक्रमाच्या कितीतरी आधीचे आहे. १९९१ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी रचना, होते व चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. साध्या ट्रॅक्टरचा मागचा आस थेट सांगाड्याला घट्ट जोडलेला असतो, टायर हीच त्याची स्प्रिंग असते आणि ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतात. असा ट्रॅक्टर वेग वाढताच उसळू लागतो, आणि उसळलेले चाक जमिनीवर नसेल तर ब्रेकही निरुपयोगी ठरतो. म्हणजे वेगवान ट्रॅक्टर बनवणे हे प्रथम थांबवण्याचे काम आहे. युरोपातील नियमही ताशी ४० किलोमीटरपर्यंतचे आणि त्यापुढचे ट्रॅक्टर असे दोन वर्ग करतात, आणि त्यांतील दुसऱ्या वर्गाला ब्रेकच्या अटी अधिक कडक आहेत.

हे सारे मला आपल्या रस्त्यांकडे पाहायला लावते. कारखाना पंधरा किलोमीटरवर असेल, तर ताशी २० ऐवजी ३० च्या वेगाने गेल्यास एका खेपेत पंधरा मिनिटे वाचतात. त्याच वेळी गतीत साठलेली ऊर्जा सव्वादोन पटींनी वाढते, म्हणजे तेवढ्याच ब्रेकवर थांबायला सव्वादोन पट अंतर लागते. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरमागे पंधरा-वीस टन ऊस असतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. शेताच्या कोपऱ्यावर वळण्यासाठी वेगळे ठेवलेले दोन ब्रेक-पेडल रस्त्यावर येताना लॉकने जोडायचे असतात. ते जोडायचे राहिले, तर घाईत एकच पेडल दाबले जाऊन ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि मागच्या ट्रॉल्या त्याला ढकलत राहतात. वाचलेली पंधरा मिनिटे तरी पदरात पडतात काय? वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंतच्या, म्हणजे ऊस गाळपासाठी जेथे टाकतात तेथपर्यंतच्या, रांगेत तासन्‌तास जातात. तोडलेल्या उसातील साखर उतरू लागते आणि वजनही घटते, म्हणून तो चोवीस तासांत गाळला जावा असे मानतात. पण ते चोवीस तास फडात आणि यार्डात संपतात, रस्त्यावर फार थोडे.

आपल्या भागातील यात्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेण्याच्या स्पर्धा होतात, त्या मला म्हणूनच मोलाच्या वाटतात, कारण तेथे चालकाचा यंत्रावरील ताबा तपासला जातो. कराडला नोव्हेंबरात भरणाऱ्या कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या स्टॉलवर अश्वशक्ती, हायड्रॉलिकची उचलक्षमता आणि डिझेलचा खर्च यांची चौकशी होते, परंतु भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह तो किती मीटरमध्ये थांबतो, हे विचारणारा मला भेटलेला नाही. एखाद्या कंपनीने प्रदर्शनाच्या मैदानावर खऱ्या उसाने भरलेल्या, ब्रेक असलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ताशी तीसच्या वेगावरून थांबण्याचे अंतर सर्वांसमोर मोजून दाखवावे, आणि शेजारी तोच भार बिनब्रेकच्या ट्रॉल्यांत घालून पुन्हा मोजावे. ट्रॉलीच्या ब्रेकचा जादा खर्च द्यायला आमच्या गावातील किती वाहतूकदार तयार होतील, ते त्याच दिवशी स्टॉलवर कळेल.