पांढऱ्या ओळी

३० मार्च २०२४, शनिवार. दुसऱ्या दिवशी वर्षअखेर, तीही रविवारी. एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपचे हिशेब मी बघते. आयकराचं कलम ४३बी(एच) त्या वर्षी पहिल्यांदाच लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत उलटून ३१ मार्चलाही ते थकलेलंच राहिलं, तर कर काढताना तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही. पैसे द्याल त्या वर्षी धरायचा.

त्यासाठी मी एक्सेलमध्ये शीट केली होती. माल घेतल्याची तारीख, तिच्यात १५ किंवा ४५ मिळवून आलेली मुदत, आणि पैसे दिल्याची तारीख. कंडिशनल फॉरमॅटिंगचा, म्हणजे अट जुळली की आपोआप रंग देण्याचा नियम साधा: पैसे दिल्याचा रकाना रिकामा आणि मुदत आजच्या तारखेच्या आधीची, की अख्खी ओळ लाल. मुदतीचा रकाना मी लपवून टाकला होता. रंग दिसतोय, मग आकड्यांची गर्दी कशाला? सकाळी मालकांना सांगितलं, मुदत उलटलेली नऊ बिलं आहेत, सव्वाचार लाख. त्यांनी तेवढी सोय केली.

अकराच्या सुमारास आमच्या पार्टना मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्या काकांचा फोन आला. "ताई, आमचं सोळा जानेवारीचं बिल धरलंय ना? पाडव्याआधी पोरांचे पगार करायचेत."

ओळ शोधली. पांढरी. मनातल्या मनात मोजलं: सोळा जानेवारी आणि पंचेचाळीस दिवस, म्हणजे एक मार्च. एकोणतीस दिवस उलटून गेले होते आणि शीट गप्प होती.

नीट बघितलं तेव्हा दिसलं, ती तारीख सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसली होती. एक्सेल खरी तारीख आकडा म्हणून उजवीकडे ठेवतं. डावीकडे राहतो तो मजकूर. लपवलेला रकाना उघडला तर तिथे व्हॅल्यूची एरर, कारण मजकुरात दिवस मिळवता येत नाहीत. नियमाच्या सूत्रात एरर आली की रंग लागतच नाही.

जानेवारीत माझा कॉम्प्युटर बदलला होता आणि नव्यावर तारखेची पद्धत अमेरिकी होती, महिना आधी. मी १६/०१/२०२४ लिहिलं, सोळावा महिना नसतो, म्हणून त्याने तो मजकूर धरला. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरी भीती मला दुसऱ्या प्रकाराची वाटली. ५ फेब्रुवारीचं बिल मी ०५/०२/२०२४ असं टाकलं होतं. एक्सेलच्या लेखी ती २ मे. सेलमध्ये मात्र ५/२/२०२४ असंच दिसत होतं, उजवीकडे, अगदी शहाण्यासारखं! मुदत जाऊन पडली जूनमध्ये.

मजकूर झालेल्या तारखा एक्सेलच्या टेक्स्ट टू कॉलम्स या सोयीत दिवस-महिना-वर्ष हा क्रम देऊन पाच मिनिटांत सुधारल्या. उलटलेल्या तारखांना असा उपाय नाही. आजच्या पुढची तारीख असेल तर पकडता येते, पण ३ फेब्रुवारीची २ मार्च झाली असेल तर तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. स्टोअरच्या दादांना बोलावलं. ते इनवर्डच्या, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदींच्या फाइलमधून एकेक तारीख वाचत गेले, मी महिना अक्षरात लिहून ती पुन्हा भरत गेले. जेवायला उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

लाल ओळी सव्वीस झाल्या. अकरा लाख चाळीस हजार.

मालकांच्या केबिनमध्ये जाताना पोटात गोळा आला होता. सकाळचा आकडा माझ्याच तोंडून गेलेला. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, "यातले सगळ्यात लहान कोण?" मी प्लेटिंगवाले, पॅकिंगवाल्या वहिनी आणि दोन टर्निंगवाल्यांची नावं सांगितली. "आधी त्यांचे करा."

एनईएफटीने बँकेतून पैसे पाठवणं आता सुट्टीच्या दिवशीही चालतं, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत तेवीस बिलं निघाली. तिघांना मी स्वतः फोन करून एप्रिलची तारीख दिली; त्यांचा खर्च त्या वर्षात धरता आला नाही.

सोमवारी शीटमध्ये दोन नियम वाढवले. तारीख आकडा नसेल किंवा आजच्या पुढची असेल तर ओळ पिवळी. आणि बिलाशी ताडून, समोर टिक केलेली, मुदतीतली ओळ हिरवी. पांढरी ओळ म्हणजे अजून कुणी तपासलेली नाही.

मुदतीचा रकाना आता उघडाच असतो.